नाताळाचे झाड आणि सुरतेचा बादला

डिसेंबर उजाडला की सुरतेच्या बाजारात दोन तऱ्हेचा माल शेजारी शेजारी दिसू लागतो. एकीकडे उत्तरायणाच्या पतंगांचे गठ्ठे आणि फिरक्या, दुसरीकडे हिरव्या प्लास्टिकची नाताळाची झाडे. पतंगांना अजून महिना असतो, म्हणून ते जरा मागे. झाडांची घाई असते, म्हणून ती पुढे. वीतभर उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंत सर्व मापांत ती मिळतात, छत्रीसारखी मिटतात आणि छत्रीसारखी उघडतात. घेणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबे थोडी. दुकानदार, हॉटेलवाले, शाळा आणि मुलांची हौस पुरवणारे आईबाप हेच पुष्कळ.

नाताळाच्या झाडाशी गाणे शिकवणाऱ्या मास्तराचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की आठवड्यातले दोन दिवस मी बडोद्याहून सुरतेला शिकवण्यांसाठी जातो, आणि गेल्या नाताळात तिथल्या एका घरी हे झाड मांडावे की न मांडावे, मांडावे तर कशाचे, असा प्रश्न निघाला. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवायची झाली तर मूळचे काय राखायचे आणि काय सोडून द्यायचे, हा प्रश्न आम्हा गाण्याच्या लोकांना रोजचाच. तेव्हा त्यावर चार शब्द लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजून चालतो.

आधी एक गोष्ट पाहू. ज्याला आपण ‘पारंपरिक’ नाताळझाड म्हणतो, ते सुरतेत कितपत पारंपरिक आहे?

सुरतेला ख्रिस्ती माणूस नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी इथे वखार घातली, पाठोपाठ डचांनी घातली; आर्मेनियन व्यापारीही या शहरात नांदले. या साऱ्यांची जुनी दफनभूमी सुरतेत आजही पाहता येते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा कापुचिन पंथाचे फादर अँब्रोज शहरात होते आणि महाराजांनी त्यांना उपद्रव होऊ दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. पुढे १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री इथे आले आणि त्यांनी गुजराती बायबल छापून काढले.

पण वखारीतल्या इंग्रजाच्या दालनात नाताळाचे झाड उभे आहे, असे चित्र मात्र मनाशी रंगवू नये. खुद्द इंग्लंडातच तेव्हा ही चाल नव्हती. झाड मूळचे जर्मन भाषेच्या मुलखातले. स्ट्रासबुर्ग शहराविषयीच्या १६०५ सालच्या एका नोंदीत म्हटले आहे की, लोक नाताळात घराच्या दिवाणखान्यात सूचिपर्णी झाड उभे करतात आणि त्याला रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात. इंग्लंडच्या राजवाड्यात ते जर्मन सोयरिकींबरोबर गेले. १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने व्हिक्टोरिया राणीचे कुटुंब झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापले, आणि मग ते चाकरमान्या इंग्रजाच्या घरात शिरले. म्हणजे सुरतेतला ख्रिस्ती रहिवास हा इंग्लंडच्या घराघरांतल्या नाताळझाडाहून दोनशे वर्षांनी जुना!

दुसरी मौज अशी की, ज्यांचे झाड त्यांनीही ते कधी एका रूपात ठेवले नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जंगले कमी होऊ लागली तेव्हा तिथल्या कारागिरांनी पाळीव हंसांची पिसे हिरवी रंगवली, ती तारेवर गुंडाळून फांद्या केल्या आणि त्या काठीत खोचून झाड उभे केले. १९६० च्या आसपास अमेरिकेत चकचकीत ॲल्युमिनियमच्या झाडांची लाट आली आणि काही वर्षांनी ओसरली. त्यानंतर प्लास्टिक. तेव्हा पर्याय शोधणारा माणूस परंपरा मोडतो असे मानण्याचे कारण नाही. पर्याय शोधणे हीच या झाडाची जुनी चाल आहे.

आपल्याकडे नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत जे मिळते ते अरौकेरिया, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे झाड. किनाऱ्यावरची मंडळी नाताळात सुरूची फांदी वापरतात. तो सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, आणि दिसायला देवदाराचा भाऊ वाटला तरी त्याचे कूळ निराळे. म्हणजे हेही दोघे बदलीचेच कलावंत.

आमच्या क्षेत्रातले याचे ठळक उदाहरण म्हणजे पेटी. हार्मोनियम पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास अलेक्झांडर देबॅं याने सिद्ध केली. ते खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजवण्याचे वाद्य होते. साहेबलोक आणि मिशनरी यांच्याबरोबर ते इकडे आले. आपला गवई खुर्चीवर बसेना. तेव्हा १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला मागच्या बाजूने हाताचा भाता लावला, पाय काढून टाकले आणि पेटी बैठकीवर आली. रेडिओने १९४० पासून जवळजवळ ३० वर्षे तिला दार बंद केले. तरी नाटक, कीर्तन आणि भजन यांनी तिला सोडले नाही. आज देवळातल्या भजनात वाजणारी पेटी परकी आहे असे कुणाला सांगितले तर तो हसेल. ती आपली झाली याचे कारण तिचे पाय आपण कापले आणि तिला आपल्यासारखी मांडी घालायला लावली. नाताळाच्या झाडालाही सुरतेत मांडी घालता आली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

आणि सुरतेजवळ त्यासाठी जे आहे, ते दुसऱ्या गावाजवळ क्वचितच असेल. ते म्हणजे जरी.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आजीचा शालू, आईची पैठणी, आजोबांच्या उपरण्याचा काठ असेल. त्या जरीचा मोठा हिस्सा सुरतेचा. येवल्याच्या, बनारसच्या, कांचीपुरमच्या मागावर सुरतेची जरी जात आली आहे. या कामात राणा समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चांदीची किंवा तांब्याची कांब अधिकाधिक बारीक छिद्रांतून ओढत ओढत केसासारखी तार करायची. मग ती तार दोन गुळगुळीत रुळांमधून चपटी काढायची. ही चपटी तार म्हणजे बादला. बादला रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळला की झाली कसब. टिकल्या, सलमा, किनारी हा या तारेचाच पुढचा परिवार.

आता नाताळाच्या झाडावरून ज्या चंदेरी झिरमिळ्या सोडतात त्या पाहा. जर्मन लोक त्यांना ‘लामेटा’ म्हणतात, इंग्रज ‘टिन्सेल’ म्हणतात. न्यूरेंबर्ग आणि त्याच्याजवळचे रोट या भागात चांदीचा मुलामा दिलेली तार ओढून ती चपटी करण्याचा मोठा धंदा होता. त्यातून गणवेशाच्या फिती निघत, किनारी निघत आणि नाताळाच्या झाडाचा साजही निघे. म्हणजे लामेटा हा बादल्याचाच परदेशी भाऊ. तिकडे तो झाडावर चढला, इकडे लुगड्याच्या पदरावर.

या भावंडांत भाऊबंदकीही झाली. फ्रान्स आणि जर्मनीतून यंत्रावरची स्वस्त जरी हिंदुस्थानच्या बाजारात उतरू लागली आणि सुरतेचे कारागीर अडचणीत आले. अखेर १९३१ मध्ये देशी जरीधंद्याला संरक्षण देणारा कायदा करावा लागला. पुढे दोघांच्या नशिबी एकच प्रतिस्पर्धी आला. तिकडच्या झाडावरच्या झिरमिळ्या चांदीच्या होत्या त्या कथिल-शिशाच्या झाल्या, आणि शिसे विषारी म्हणून १९७० नंतर त्याही जाऊन प्लास्टिकच्या झाल्या. इकडे सुरतेत आज पुष्कळशी जरी पॉलिएस्टरच्या पातळ, धातूचा लेप दिलेल्या पट्टीची असते. स्वस्त, हलकी, काळी न पडणारी. तिच्यावर हजारो हातांना काम मिळते, तेव्हा तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु धातूची तार ओढणारा हात मात्र दरवर्षी दुर्मिळ होत चालला आहे, हेही खरे.

आता त्या घराकडे वळतो.

माझी विद्यार्थिनी सतरा वर्षांची. घर मराठी ख्रिस्ती. तिचे पणजोबा अहमदनगरकडचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. तिकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे वास्तव्यही तिथलेच. नोकरीच्या पाठीमागे पणजोबा सुरतेस आले आणि इथलेच झाले. आज घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि शाळेत इंग्रजी, असा त्यांचा त्रिवेणी संसार आहे. घरातल्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ नेली. उजेड कुठून येतो आणि सावली कुठे हलते एवढे कळते, वस्तू कळत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी शिकवणीला गेलो तेव्हा माळ्यावरून काढलेले प्लास्टिकचे झाड जमिनीवर पडले होते. चौदा वर्षे वापरलेले. हात लावला की हिरवी कात्रणे गळत. वडील म्हणत होते की नवे आणू. आई म्हणत होती की दहा दिवसांच्या हौसेसाठी पुन्हा माळ्यावर एक खोके नको. आजी आपल्या खुर्चीवरून म्हणाल्या, “माझ्यासाठी म्हणून काही आणू नका रे. मला दिसतंय कुठे?” त्यावर सगळे गप्प झाले. मुलगी माझ्यामागोमाग आतल्या खोलीत आली आणि हळूच म्हणाली, “गुरुजी, दरवर्षी आजीच झाड मांडायची. तिला दिसणार नाही, तर मांडायचं कुणासाठी?”

मला त्या वेळी वडिलांची एक मैफल आठवली. वडील दरबारी गवई. राजवाड्यातल्या एका बैठकीत आलाप सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच तंबोऱ्याची जोडीची तार तुटली. दुसरा तंबोरा आणवेपर्यंत गाणे थांबवणे बरे दिसले नसते. मागे बसलेल्या शागिर्दाने आपल्या गळ्यात षड्ज धरला. वडील त्यावर पाऊण तास गायले. श्रोत्यांपैकी अर्ध्यांना काही घडले हे कळलेही नाही.

मी मुलीला विचारले, “मैफलीला आलेला माणूस तंबोरा ऐकायला येतो का?” ती म्हणाली, “नाही.” “मग तो कशाला लावायचा?” “सगळ्यांनी त्याच्याशी सूर जुळवायचा म्हणून.” मी म्हणालो, “तुमचं झाड हा त्या खोलीचा तंबोरा आहे. ते पाहायचं नसतं. त्याच्याभोवती जमायचं असतं. आजीला दिसत नाही, पण तिला जमता येतं. तिच्या हाताला, कानाला, नाकाला जे झाड कळेल ते करू.”

त्या दिवशी गाणे बाजूला राहिले आणि आम्ही झाडाची लक्षणे काढत बसलो. रागाची काढतो तशी. कडाक्याच्या थंडीतही जिवंत असलेले काही हिरवे. अंधारात काही लकाकणारे. देण्याघेण्याचे काही टांगलेले. आणि घराच्या मध्ये एक जागा, जिथे येऊन सगळे थांबतात. ही चार राहिली पाहिजेत. खोड देवदाराचे असलेच पाहिजे, हे या यादीत कुठे बसेना.

खोड मिळाले ओलपाडकडून. तिथे वडिलांच्या एका सहकाऱ्याचे शेत आहे. डिसेंबरात कापसाची वेचणी चाललेली असते, आणि वेचून झालेल्या पऱ्हाट्या सरपणाला जातात. अजून बोंडे उमललेल्या अशा तीन पऱ्हाट्या त्यांनी मुळासकट आणून दिल्या. वाळूने भरलेल्या माठात त्या उभ्या केल्या, शेंडे एकत्र बांधले. नाताळाच्या झाडावर बर्फ म्हणून कापूस चिकटवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. इथे कापूस आपल्याच जागी, आपल्याच बोंडात होता. चिकटवायचे काही उरले नाही.

हिरवेपणासाठी गहू पेरले. ही युक्ती कुणाला शिकवावी लागली नाही. आपण नवरात्रात घट बसवतो, गुजराती घरांत जवारा पेरतात. गोव्यात नाताळाच्या गोठ्यात गवत दिसावे म्हणून नाचणी पेरतात. फ्रान्सच्या दक्षिणेकडे ४ डिसेंबरला, संत बार्बरेच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरण्याची चाल आहे. आम्ही मातीच्या चार परळांत १४ तारखेला पेरले. रोज सकाळी पाण्याचा शिपका. नाताळापर्यंत चार-पाच बोटे कोवळे कोंब आले. ते परळ माठाच्या पायथ्याशी ठेवले. आजी त्यावरून तळहात फिरवीत आणि आज किती वाढले ते सांगत. त्यांचा अंदाज बहुधा बरोबर असे.

वासासाठी नागपुरी संत्र्यांना लवंगा टोचल्या आणि दालचिनीच्या काड्या सुतळीने टांगल्या. आवाजासाठी मी माझ्याकडचे जुने घुंगरू दिले. खालच्या फांद्यांना पाच-पाचांचे झुपके बांधले. नियम असा ठरवला की, जो कोणी घरात येईल त्याने जाताना किंवा येताना फांदी हलवायची. त्यामुळे कोण आले हे आजींना हलवण्याच्या तऱ्हेवरून कळू लागले. खालच्या मजल्यावरची दोन गुजराती पोरे दिवसातून दहा वेळा येऊन घुंगरू वाजवून जात. आई थोडी कंटाळली, आजी अजिबात नाही.

राहिला बादला. मुलगी आणि तिची आई जुन्या शहरातल्या जरीच्या दुकानातून दोन पुड्या घेऊन आल्या. एका पुडीत तांब्याचा, चांदीचा मुलामा दिलेला, दुसरीत प्लास्टिकचा. डोळ्यांना दोन्ही सारखे, किंबहुना प्लास्टिकचा जरा जास्तच चमकणारा. आजींनी तरुणपणी शेजारणींबरोबर घरी बसून टिकल्या-सलमा लावण्याचे काम केले होते. त्यांनी दोन्ही तारा बोटांच्या चिमटीतून एकदाच ओढल्या आणि पहिली पुडी उचलली. म्हणाल्या, “हा खरा. खरा बादला बोटाला गार लागतो. आणि चुरगळला की चुरगळलेलाच राहतो. तो दुसरा उसळून उठतो.” मग त्यांनी तो फांदीवर कसा सोडायचा ते नातीला शिकवले. गाठ मारायची नाही, काडीला दोन वेढे देऊन टोक मोकळे ठेवायचे. चार दिवसांपूर्वी “मला दिसतंय कुठे” म्हणणाऱ्या आजी ते झाड मांडत होत्या, आणि डोळस माणसे त्यांच्या हाताखाली काम करीत होती.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बादला धातूचा आहे, त्यातून वीज वाहते. त्यावर विजेच्या दिव्यांची माळ कदापि गुंडाळू नये. अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या झाडांची हीच अडचण झाली होती. तेव्हा तिथल्या लोकांनी झाडावर दिवे न लावता जमिनीवर एक दिवा ठेवला आणि त्याच्यापुढे रंगीत काचांसारखी चकती फिरती ठेवली. आम्ही दोन हातांवर टेबलावरचा दिवा ठेवला आणि छताचा पंखा अगदी मंद सोडला. मेणबत्ती तर नकोच. वाळक्या पऱ्हाटीवर कापूस, त्याच्याजवळ ज्योत म्हणजे संकटाला आमंत्रण.

पंख्याच्या वाऱ्यावर बादला हलला की भिंतीवर उजेडाचे ठिपके धावत. आजींना झाड दिसले, असे मी म्हणणार नाही. पण समोर उजेड हलतो आहे एवढे त्यांना जाणवले. त्यांनी विचारले, “पाणी आहे का तिथे?” नातीने सांगितले, “नाही आजी, तुझा बादला आहे.”

२४ तारखेच्या संध्याकाळी माझी शिकवणी होती. अर्थात शिकवणी झाली नाही. आजींनी टिळकांचे एक भजन सुरू केले. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी अभंग आणि कीर्तन ही आपली वाट सोडली नाही. त्यामुळे मराठी ख्रिस्ती घरांत टाळ आणि पेटी यांच्या साथीने देवाचे नाव आजही घेतले जाते. आजींचा आवाज थकलेला, पण सुराला पक्का. पेटी आतल्या खोलीत होती. ती आणायला कुणी उठले नाही. नातीने नुसता षड्ज धरला. शिकवणीत हा षड्ज दहा मिनिटे स्थिर राहत नाही, म्हणून मी तिला वर्षभर टोकत आलो आहे. त्या संध्याकाळी तो भजन संपेपर्यंत हलला नाही. मी टाळ वाजवले. मास्तरकी केली नाही.

ज्यांना घरी असे काही करायचे असेल त्यांनी पऱ्हाटीच आणली पाहिजे असे नाही. दक्षिण गुजरातेत ऊस मुबलक आहे. तीन उसांची तिकाटी उभी करून तिला आडव्या कामट्या बांधल्या तर जर्मनीतल्या जुन्या लाकडी नाताळ-मनोऱ्यासारखा घाट तयार होतो, आणि सण झाल्यावर झाड खाऊन टाकता येते. उत्तरायणाच्या तयारीत असलेल्या पतंगवाल्याकडून लहान पतंग घेऊन ते भिंतीवर खाली पाच, वर चार, त्यावर तीन असे लावले तर कागदाचे झाड होते. १४ जानेवारीला तेच उडवायचे. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी खिडकीत चांदणी लावावी. आपला आकाशकंदील आणि नाताळाची चांदणी यांचा कारागीर पुष्कळदा एकच असतो. मराठी माणसाला दिव्यांचे झाड अपरिचित नाहीच. देवळापुढची दीपमाळ हे दगडाचे झाडच की! मातीच्या पसरट परळांची लहान होत जाणारी उतरंड रचून घरगुती दीपमाळ करता येईल. घरी प्लास्टिकचे झाड असेलच, तर ते टाकून देऊन नवा पर्याय आणणे हाही शहाणपणा नव्हे. जोवर टिकते तोवर ते वापरावे. ते आता कुजणार नाहीच.

मात्र सुरूची वा अशोकाची जिवंत फांदी रस्त्यावरून तोडून आणू नये. सुरतेत कतारगामला डचांच्या दफनभूमीत हेंड्रिक आद्रियान व्हान रेडे या गृहस्थाची भव्य कबर आहे. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येताना त्याला समुद्रावर मृत्यू आला. याने मलबारच्या ७०० हून अधिक वनस्पतींची माहिती आणि चित्रे ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात गोळा केली. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट हे कोकणी वैद्य त्याचे साहाय्यक होते. त्या चित्रांवर झाडांची नावे नागरी अक्षरांतही आहेत. परमुलखातून आलेल्या ख्रिस्ती माणसाने इथे येऊन आपले देवदार लावले नाहीत, इथल्या झाडांची नावे इथल्या लोकांना विचारली. नाताळाच्या दिवसांत सुरतेला जाणाऱ्याने त्याच्या कबरीवरून एक चक्कर जरूर मारावी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नाताळ नसतो. फत्तेगंजातली रोषणाई पाहायला जाणे एवढाच आपला संबंध. पण गणपतीचे मखर आहे, चैत्रगौरीची आरास आहे, लग्नातले रुखवत आहे. मखरातही थर्माकोल शिरले, आणि २०१८ साली महाराष्ट्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. मखर पुठ्ठ्याचे करावे की केळीच्या खुंटांचे, याच्या चर्चा आपण दरवर्षी करतो. त्या चर्चेत शोभेची गोष्ट पुष्कळ होते. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हाताला त्यात काय काम आहे, ही गोष्ट सहसा होत नाही. माझ्या मते पर्याय पारखायचा तो इथे.

जाता जाता एक विनंती. जुनी जरी घेणारा माणूस अधूनमधून दारावर येतो. कापड विरलेले असते, काठ मात्र धड असतात. तो ते वजनावर घेतो, वितळवतो आणि चांदी काढतो. व्यवहार म्हणून त्यात वावगे काही नाही. तरी सगळे देऊ नये. वीतभर काठ उसवून डब्यात ठेवावा. शेजारी नाताळ असेल तर तिथल्या मुलांना द्यावा, नसेल तर गौरीच्या आराशीला उपयोगी पडेल. देण्यापूर्वी काठाच्या टोकाची एक तार मोकळी करावी, डोळे मिटावेत आणि ती चिमटीत धरून पाहावी. जरी खरी असेल तर बोटाला गार लागेल.